उन्हातील यात्रा आणि सोबत्याचा धर्म

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात दोन शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. येत्या चैत्र शुद्ध एकादशीस आपल्या मंडळाची पदयात्रा पंढरीस पोहोचावयाची आहे. नावे नोंदविण्याचे काम सुरू झाले आहे. ती यादी आम्ही पाहिली आणि मनास एकाच वेळी आनंद व काळजी अशी दोन्ही वाटली. आनंद अशासाठी की, आपल्या ज्ञातीत श्रद्धा अजून शाबूत आहे. काळजी अशासाठी की, यादीतील बरीच नावे आमच्याच वयाच्या मंडळींची, म्हणजे साठी ओलांडलेल्यांची आहेत. चैत्री एकादशी कधी मार्चअखेरीस येते, तर कधी एप्रिलचा तिसरा आठवडा गाठते. सन २०२४ मध्ये ती १९ एप्रिलला होती. त्या दिवसांत सोलापूरचा पारा ४० अंशांपलीकडे जातो, हे येथे बसलेल्या कोणासही सांगावयास नको. सोलापूर ते पंढरपूर हा सुमारे ७० किलोमीटरांचा रस्ता त्या उन्हातून पायी जावयाचा आहे. त्या रस्त्यावर आपले एकही माणूस गमावले जाऊ नये, एवढ्याच हेतूने आम्ही आज उभे आहोत.

आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकच्या पुढे आमचे शिक्षण नाही. सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. परंतु जाणत्या डॉक्टरांकडून जे ऐकले व वाचून जे समजून घेतले, ते सोपे करून सांगणे हा शिक्षकाचा धंदाच होय. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

प्रथम उष्माघात म्हणजे काय, ते पाहू. निरोगी माणसाच्या शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश असते. बाहेर थंडी असो वा ऊन असो, शरीर ती तेवढीच राखण्याचा प्रयत्न करते. उन्हाळ्यात त्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. हे समजण्यास आपल्या घरातील रांजणाचा दाखला पुरेसा आहे. रांजणाच्या अंगातून पाणी पाझरते, ते वाऱ्याने सुकते आणि सुकताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. आपले शरीरही असाच एक रांजण आहे. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो सुकला पाहिजे. रांजणात पाणीच नसेल तर तो गार कशाने व्हावा? आणि हवा आधीच ओलाव्याने भरलेली असेल, तर रांजण कितीही पाझरला तरी पाणी कोमटच राहते. उन्हातील माणसाची गतही नेमकी हीच होते.

घाम कमी पडू लागला की प्रथम थकवा येतो, डोके दुखते, मळमळते, पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. शाळेच्या पटांगणावर कवायतीच्या वेळी उन्हात ताटकळलेली मुले चक्कर येऊन पडत, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. सावलीत आडवे केले, पाणी दिले, की ती थोड्या वेळात उठून बसत. ही झाली अलीकडची पायरी. परंतु या पायरीवर दुर्लक्ष झाले आणि शरीराची उष्णता ४० अंशांच्या वर गेली, म्हणजे मेंदू, यकृत, मूत्रपिंड या सर्वांवर आघात होऊ लागतो. माणूस बरळतो, अडखळतो, उगाच चिडतो, ओळखीच्यास ओळखत नाही. पुढे झटके येतात वा शुद्ध हरपते. हाच उष्माघात. पुष्कळांची अशी समजूत असते की, अंग कोरडे पडले तरच उष्माघात समजावा. ती चुकीची आहे. चालून चालून ज्यास उष्माघात होतो, त्याचे अंग घामाने चिंबही असू शकते. खरी खूण अंगाच्या कोरडेपणात नसून बुद्धीच्या बिघाडात आहे.

येथे आमच्या व्याख्यानाचे मुख्य सूत्र येते, ते कृपा करून ध्यानी ठेवावे. पायात काटा मोडला तर ज्याच्या पायात मोडला त्यास तो कळतो. दाढ दुखली तर ज्याची दुखते तो ओरडतो. उष्माघाताचे तसे नाही. हा रोग प्रथम माणसाची समजच हिरावून घेतो. ज्यास तो झाला, तो 'मला काही झालेले नाही, चला पुढे' असेच म्हणत असतो. म्हणून 'ज्याने त्याने आपल्यास जपावे' हा उपदेश येथे अपुरा पडतो. या संकटात माणसास वाचवितो तो शेजारी चालणारा सोबती.

आता अलीकडचे एक उदाहरण सांगतो. दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा समारंभ झाला. ती यात्रा नव्हती. पण आपल्या गुरूंचा सन्मान पाहण्यास लाखो भक्त गावोगावहून भक्तीनेच आले होते. मोठमोठ्या यात्रेस शोभेल असा तो समुदाय उघड्या मैदानावर कित्येक तास उन्हात बसला. उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी तेथील पारा ३८ अंशांच्या आसपास होता. सोलापूरकरास वाटेल की, ३८ अंश म्हणजे काय मोठेसे ऊन! परंतु तेथे समुद्रकाठची दमट हवा. रांजण पाझरला तरी गार होईना अशी स्थिती. त्यात डोक्यावर छप्पर नाही, आणि इतक्या गर्दीतून उठून पाण्यापर्यंत वा सावलीपर्यंत जाणे वृद्धांस अवघड. त्यानंतर थोड्याच दिवसांत, उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे शासनाने जाहीर केले. यावरून एक गोष्ट शिकावयाची ती ही की, केवळ पाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये. दमटपणा, सावलीचा अभाव, गर्दी व खोळंबा हे चौघे मिळून थोड्या उन्हासही मारक करतात. पंढरपुरात एकादशीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेतही हे चौघे हजर असू शकतात.

दुसरे उदाहरण दूरदेशीचे, पण यात्रेचेच आहे. मक्केस मुसलमान बांधवांची हज यात्रा चांद्र पंचांगाप्रमाणे भरते, त्यामुळे ती काही वर्षे ऐन उन्हाळ्यात येते. सन २०२४ च्या जून महिन्यात तेथील पारा ५१ अंशांपलीकडे गेला आणि त्या यात्रेत १,३०० हून अधिक यात्रेकरू मरण पावले. त्यांत सुमारे ८३ टक्के लोक रीतसर परवाना नसलेले होते, असे तेथील सरकारनेच प्रसिद्ध केले. याचा अर्थ नीट पाहावा. सूर्य सर्वांवर सारखाच तापत होता. परवानाधारकांस थंड तंबू व वाहने होती. नोंद नसलेल्यांस ती नव्हती, ते भर उन्हात मैलोन्‌मैल चालत राहिले. तात्पर्य, ज्याचे नाव यादीत नाही त्याची वाटही कोणी पाहत नाही. आपल्या पदयात्रेत ऐन वेळी 'आम्हीही येतो' म्हणून मागे लागणारी मंडळी दरवर्षी असतात. त्यांस नको म्हणू नये; पण नाव लिहून घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकू देऊ नये.

यावर कोणी म्हणतील की, गुरुजी, आमचे आजे-पणजे अनवाणी पंढरीस जात, त्यांस कोठे काय झाले? या प्रश्नाचा आम्ही आदर करतो. पहिली गोष्ट, त्यांस काही झाले नाही असे आपण म्हणतो, कारण ज्यांस झाले त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. दुसरी गोष्ट, ती मंडळी बारा महिने शेतात उन्हात राबत. शरीरास उन्हाची सवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात. त्यांस ती जन्माची होती. आज आपण दुकानात, कचेरीत, पंख्याखाली बसणारे लोक एके दिवशी उठून उन्हात चालू लागतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपले पूर्वज आपल्यापेक्षा उन्हास अधिक मानून वागत. सोलापूरहून तुळजापूरची कोजागरीची वाट आपण चालतो, ती कोणत्या वेळी? रात्री, चांदण्यात. आषाढीच्या पालख्या पहाटे निघतात आणि दुपारी विसावा घेतात. तो विसावा परंपरेनेच ठरवून दिला आहे. गुढीपाडव्यापासून पाणपोई घालणे, अक्षय्य तृतीयेस पाण्याचा घडा दान देणे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास कैरीचे पन्हे देणे, ही सारी उन्हाळ्याची व्यवस्थाच होय. अहिल्यादेवी होळकरांनी यात्रामार्गांवर विहिरी, घाट व धर्मशाळा बांधल्या, त्यामागेही यात्रेकरूची तहान व सावली हाच विचार होता. चैत्रातच शिखर शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने वर जातात, तेव्हा एकमेकांस हात देऊन साखळी करावी लागते. एकट्याचे ते काम नव्हे. पूर्वजांचे अनुकरण करावयाचे, तर त्यांच्या या शहाणपणाचेही करावे.

आता प्रतिबंधाचे नेम सांगतो.

पहिला नेम चालण्याच्या वेळेचा. पहाटे चार वाजता निघावे, दहाच्या आत टप्पा संपवावा, आणि सायंकाळी पाचनंतरच पुन्हा पाऊल उचलावे. मधला सारा वेळ झाडाखाली, मंदिरात वा शाळेच्या ओसरीत काढावा. एक दिवस अधिक लागला तरी चालेल. यात्रेआधी दोन आठवडे रोज थोडे थोडे उन्हात चालून शरीरास सवय लावावी.

दुसरा नेम पाण्याचा. तहान लागण्याची वाट पाहू नये. वृद्धास तहान उशिरा कळते. चालताना दर वीस मिनिटांनी एक लहान पेला पाणी घ्यावे. परंतु घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसते पाणी ढोसणेही योग्य नाही. लिंबू-मिठाचे सरबत, ताक, पन्हे किंवा जलसंजीवनी घ्यावी. जलसंजीवनीची पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण ठेवावे. सन १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्याने असंख्य प्राण वाचविले. इतकी साधी वस्तू, पण तिचे मोल फार मोठे आहे. लघवी गडद पिवळी होऊ लागली, म्हणजे पाणी कमी पडते आहे असे समजावे.

येथे भगिनींविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. वाटेत आडोसा नाही, म्हणून अनेक माताभगिनी मुद्दाम पाणी पीत नाहीत. संकोचामुळे कोणी बोलत नाही आणि पुरुषांच्या ध्यानी येत नाही. हा दोष त्या भगिनींचा नसून व्यवस्था करणाऱ्यांचा आहे. प्रत्येक विसाव्यावर स्त्रियांसाठी शौचाची बंदिस्त सोय नसेल, तर तेथे ठेवलेले पाण्याचे पिंप त्यांच्यापुरते रिकामेच समजावे.

तिसरा नेम उपवासाचा. एकादशी अवश्य करावी. परंतु चालत असताना निर्जळी करू नये. आजारी, वृद्ध व बालक यांस शास्त्रानेही सवलत दिलेली आहे. सैंधव व लिंबू घातलेले साखरपाणी उपवासास चालते, त्याने व्रतास बाध येत नाही.

चौथा नेम वेषाचा व औषधाचा. सैल, फिकट, सुती कपडे वापरावे. डोक्यावर टोपी वा उपरणे व मानेवर ओला पंचा असावा. तापलेल्या डांबरावर अनवाणी चालण्याचा नवस असेल, तर तो पहाटेच्या टप्प्यापुरता पाळावा. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह वा मनाचे आजार यांसाठी ज्यांस रोज गोळ्या चालू आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे. काही गोळ्यांनी लघवी वाढते, काहींनी घाम कमी होतो. मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत सोडून द्यावी. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशात तो आपले रक्षण करीत नाही.

पाचवा नेम जोडीचा. प्रत्येक यात्रेकरूस एक सोबती नेमून द्यावा. साठीच्या पुढील माणसाचा सोबती तरुण असावा. त्याने दर विसाव्यास साधे प्रश्न विचारावे: आज तिथी कोणती? पुढचा मुक्काम कोठे? उत्तर भलतेच आले वा जीभ अडखळली, की वाद न घालता त्या माणसास जागीच थांबवावे.

एवढे करूनही उष्माघात झालाच, तर काय करावे? डॉक्टरांचे वचन एका वाक्यात सांगता येते: आधी थंडावा, मग प्रवास. आपल्याकडे उलट घडते. माणूस पडला की त्यास जीपमध्ये घालून लांबच्या दवाखान्याकडे धाव घेतात आणि वाटेतला मोलाचा वेळ तो तापलेलाच राहतो. अर्ध्या तासाच्या आत शरीराची उष्णता उतरली, तर वाचण्याची आशा पुष्कळ असते. जसजसा वेळ जातो तसतशी ती कमी होते.

म्हणून एकाने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी आणि त्याच वेळी इतरांनी थंडावा देण्यास लागावे. रुग्णास सावलीत न्यावे, कपडे सैल करावे वा काढावे. आपल्या ट्रकवर ताडपत्री असतेच. ती पसरून तीवर रुग्णास निजवावे, पाच-सहा जणांनी कडा उचलून झोळी करावी आणि टँकरचे पाणी, मिळाल्यास बर्फ घालून, तीत ओतावे. डोके पाण्याबाहेर धरावे व पाणी हाताने हलवीत राहावे. पाणी थोडे असेल तर सर्वांगावर शिंपडत राहावे आणि पुठ्ठ्याने, पंख्याने, मिळेल त्याने जोराने वारा घालावा. येथेही रांजणाचाच न्याय आहे. आपल्या सोलापूरचे टॉवेल भिजवून अंगावर टाकावे, पण ते कोमट होताच बदलावे; तापलेला ओला टॉवेल अंगावर तसाच राहू देऊ नये. बर्फ मिळाल्यास मान, काखा व जांघा येथे ठेवावा. मक्केस अंगावर बारीक तुषार व वारा सोडणारे खास पलंग योजिलेले आहेत. त्यांचे तत्त्व हेच.

तापलेल्या अंगावर गार पाणी ओतले तर लकवा मारतो, अशी भीती आपल्यात फार आहे. तिच्यापायी लोक हात आखडतात आणि रुग्ण हातचा जातो. उष्माघातात गार पाणी हेच औषध होय. तापावरील गोळी मात्र देऊ नये. हा ताप निराळा आहे, त्यावर ती चालत नाही. ज्यास पुरती शुद्ध नाही त्याच्या तोंडात पाणी, सरबत वा तीर्थसुद्धा घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. रुग्ण सावध होऊन नीट बोलू लागला, तरी त्यास दवाखान्यात न्यावेच. आतील इजा मागाहून प्रकट होते.

शेवटी एका नाजूक गोष्टीस हात घालतो. यात्रेत कोणी दगावले म्हणजे 'भाग्यवान, देवाच्या वाटेवर मरण आले' असे म्हणण्याची रीत आहे. शोकाकुल कुटुंबाचे सांत्वन म्हणून त्या शब्दांस मोल आहे, आणि तेथे आम्ही ते कोणाकडून काढून घेणार नाही. परंतु तेच शब्द व्यवस्थापकांच्या तोंडी आले, तर ती जबाबदारीची टाळाटाळ ठरते. जे मरण एका टँकरने, एका ताडपत्रीने व एका जागरूक सोबत्याने टळले असते, त्याचा भार विठ्ठलाच्या माथी टाकणे ही भक्ती नव्हे. मनुष्यप्रयत्नाने उष्माघात टळतो, याचा दाखला शेजारच्या गुजरातेत आहे. सन २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची भयंकर लाट आली आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्या नगरीने नशिबास दोष देत न बसता सन २०१३ मध्ये उन्हाची पूर्वसूचना, पाणी, सावली व दवाखान्यांची तयारी यांची योजना आखली, आणि पुढे देशातील इतर शहरांनी तिचा कित्ता गिरविला. नगरीस जे साधले, ते आपल्या एवढ्याशा पदयात्रेस का साधू नये?

म्हणून मंडळापुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवतो. प्रत्येक यात्रेकरूचे नाव, वय, आजार व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली यादी करावी. जोड्या निघण्यापूर्वीच जाहीर कराव्या. ट्रकबरोबर पिण्याच्या पाण्याचा एक व अंगावर ओतण्याच्या पाण्याचा एक असे दोन टँकर, दोन ताडपत्र्या, बर्फाची पेटी व स्त्रियांसाठी फिरती शौचालये ठेवावी. ताडपत्रीच्या झोळीची तालीम तरुणांकडून याच पटांगणावर करून घ्यावी. यास खर्च येईल, हे आम्ही जाणतो. स्वागताच्या कमानी, हारतुरे व ध्वनिक्षेपक यांवरील खर्च एक वर्ष निम्म्यावर आणला, तर यातील बरेचसे भागेल असे आम्हांस वाटते. आणि ज्या वृद्धांस डॉक्टर चालण्यास मनाई करतील, त्यांनी रुसू नये. त्यांस आपण वाहनाने दशमीस पंढरीस नेऊ. पांडुरंग पायी आलेल्यात आणि गाडीतून आलेल्यात भेद करीत नाही.

 जितकी नावे यादीत चढतील, तितकीच माणसे द्वादशीचे पारणे करून सोलापुरास परत यावीत, एवढेच मागणे पांडुरंगाचरणी करून आणि चार सूचनांचा निर्णय अध्यक्षमहाराजांवर सोपवून आम्ही आपली रजा घेतो.